परीक्षेच्या खोलीबाहेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगीताच्या परीक्षेला कधी बसला असाल, तर त्या खोलीबाहेरचा व्हरांडा तुम्ही विसरला नसाल. आत कुणीतरी गात असतं आणि बाहेर बसलेल्याला त्याची तान आपल्यापेक्षा नेहमीच चांगली वाटते. कुणी तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारत असतो, कुणाची आई मुलाच्या हातात खडीसाखर ठेवते, कुणी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात सरगम घोकतो. मग नाव पुकारलं जातं. आत दोन-तीन माणसं टेबलामागे बसलेली असतात. दहा मिनिटांत, फार तर वीस मिनिटांत, ती काहीतरी लिहून ठेवतात. वर्षानुवर्षांच्या पहाटेच्या रियाजाचा हिशेब त्या दहा मिनिटांत लागतो.

या खोलीची, आणि तिच्याबाहेर राहिलेल्यांची, ही थोडी हकिकत. संगीताच्या महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी आपलं गाणं किंवा वाजवणं तिऱ्हाइतांपुढे करून दाखवायचं, ही कल्पना आज आपल्याला जुनीपुराणी वाटते. पण ती फार जुनी नाही.

युरोपात संगीत शिकवणाऱ्या संस्थेला ‘कॉन्झर्वेटरी’ म्हणतात. या शब्दाचा संगीताशी मुळात काही संबंध नव्हता. जतन करण्याची, सांभाळण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ. सांभाळायची होती ती पोरकी मुलं. सोळाव्या शतकात इटलीतल्या नेपल्स शहरात अशा अनाथाश्रमांची सुरुवात झाली. सांता मारिया दि लोरेतो हा त्यांतला पहिला, १५३७ सालचा. चर्चमध्ये गायला मुलं लागत, मिरवणुकीला आणि अंत्ययात्रेला लागत, आणि त्याचे पैसे आश्रमाला मिळत. म्हणून मुलांना संगीत शिकवायला लागले. शिकवता शिकवता शिक्षण इतकं उत्तम झालं, की पुढे आईबाप असलेली मुलंही फी भरून तिथं येऊ लागली. व्हेनिसमध्ये मुलींच्या अशाच आश्रमात १७०३पासून विवाल्डी व्हायोलिन शिकवत होता. म्हणजे आरंभी या शाळांत शिरायला ऑडिशन नव्हती. पोरकं असणं हीच पात्रता होती. आई-वडील नसलेल्या मुलाला कुणी ‘तुझा सूर लागतो का’ म्हणून विचारत नव्हतं. आधी पोटात घालत, मग सूर लावून घेत.

हे सगळं बदललं ते फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. ऑगस्ट १७९५मध्ये पॅरिसला सरकारी खर्चानं संगीताची कॉन्झर्वेटरी उभी राहिली. राष्ट्रीय उत्सवांना आणि सैन्याला वादक हवे होते, ही त्यामागची रोकडी गरज. पण कायद्याची भाषा उदार होती. ६०० विद्यार्थी, मुलगे आणि मुली दोन्ही, देशाच्या सगळ्या विभागांतून निवडायचे आणि फुकट शिकवायचे. फुकट आणि सगळ्यांना खुलं म्हटलं, की रांग लागते. रांग लागली, की चाळण लावावी लागते. आणि चाळण आली, की भोकं केवढी ठेवायची हे ठरवणारा माणूस येतो.

पॅरिसमध्ये १८२२ साली असा माणूस आला, त्याचं नाव लुईजी केरुबिनी. मोठा संगीतकार, बीथोवनला आदर वाटावा असा. पण संचालक म्हणून शिस्तीचा इतका कडक, की इमारतीत शिरायला पुरुषांना एक दार आणि बायकांना वेगळं दार असा त्यानं नियम केला. तरुण बर्लिओझ चुकीच्या दारानं ग्रंथालयात गेला, तेव्हा केरुबिनी आपल्यामागे टेबलांभोवती कसा धावला, याचं वर्णन बर्लिओझनं आपल्या आठवणींत केलं आहे. बर्लिओझला तिखटमीठ लावायची सवय होती, हे लक्षात ठेवूनही ते वाचावं.

या केरुबिनीपुढे डिसेंबर १८२३मध्ये एक बाप आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन उभा राहिला. बाप हंगेरीतला, एस्टरहाझी या उमरावाच्या चाकरीत असलेला. मुलगा पियानो असा वाजवायचा, की व्हिएन्नात चेर्नीसारख्या गुरूनं त्याला फी न घेता शिकवलं होतं. या मुलाचं नाव फ्रान्झ लिस्ट. पॅरिसला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बाप-लेक कॉन्झर्वेटरीच्या दारात होते. बाराव्या वर्षी काय झालं ते लिस्टनं चोविसाव्या वर्षी लिहून ठेवलं आहे. आपण थरथरत होतो, केरुबिनीच्या हाताचं चुंबन घ्यायला पुढे झालो आणि घेता घेताच मनात आलं, फ्रान्समध्ये हा रिवाज नसेल तर? आपण काहीतरी वेडंवाकडं केलं, आता सगळं बिघडणार. पण बिघडायला आणखी काही उरलंच नव्हतं. परकीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, असा नियम होता. मुलाला पियानोजवळ बसवण्याची सुद्धा गरज पडली नाही.

आणि हा नियम सांगणारा केरुबिनी कोण? तो जन्मानं फ्लोरेन्सचा, इटालियन.

पियानोच्या वर्गाला तेव्हा फार गर्दी झाली होती आणि कुठंतरी कुंपण घालणं भाग होतं, असं काही अभ्यासक केरुबिनीच्या बाजूनं सांगतात. असेलही. संस्थेत जागा नसते, तेव्हा नियमाला एकाएकी तेज चढतं, हे आपल्याकडेही कुणाला ठाऊक नाही? लिस्ट खाजगीत शिकला, तेही पॅरिसमध्ये रमलेल्या परकीयांकडेच. राइखा प्रागचा आणि पाएर इटलीचा. दीड-दोन वर्षांत त्याचा एकअंकी ऑपेरा पॅरिसच्या ऑपेरात लागला. पुढे १८७५मध्ये बुडापेस्टला हंगेरीची संगीत अकादमी निघाली, तिचा पहिला अध्यक्ष लिस्ट होता. वायमारच्या घरी तो कित्येक वर्षं देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना शिकवायचा. त्यासाठी त्यानं फी घेतली नाही.

याच नियमाची एक गमतीदार दुसरी बाजू आहे. सेझार फ्रँक हा मुलगा लिएजचा, म्हणजे बेल्जियमचा. त्याचा बाप महत्त्वाकांक्षी. मुलाला कॉन्झर्वेटरीत घालायचं म्हणून बापानं स्वतः फ्रेंच नागरिकत्व घेतलं, आणि १८३७मध्ये पोरगा आत गेला. पस्तीस वर्षांनी, १८७२ साली, याच संस्थेनं फ्रँकला ऑर्गनचा प्राध्यापक नेमलं, तेव्हा कागदपत्रं बघताना कळलं, की बापामुळे मिळालेलं नागरिकत्व मुलगा सज्ञान होईपर्यंतच होतं. मग पन्नाशीच्या या गृहस्थानं पुन्हा अर्ज केला. कचेरी पॅरिसची असो की आणखी कुठली, कागद कुठंतरी कमी पडतोच.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्याच्याकडे येऊ या. ज्युझेप्पे व्हेर्दी.

पार्मा संस्थानातलं रोंकोले हे खेडं. बाप खानावळवाला. जवळच्या बुसेतो गावातल्या आंतोनिओ बारेत्सी या व्यापाऱ्यानं मुलाचा गुण ओळखला, घरी ठेवून घेतलं. गावात जेवढं शिकण्यासारखं होतं तेवढं शिकून झालं. तेव्हा पुढचं पाऊल म्हणजे मिलान. मिलानची कॉन्झर्वेटरी नेपोलियनच्या काळात निघाली होती आणि व्हेर्दी तिथं गेला तेव्हा शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. म्हणजे चाळीस कोसांवरून आलेला हा तरुण तिथं कायद्यानं परदेशी ठरत होता. पारपत्र लागलं होतं.

जून १८३२मधला त्याचा अर्ज आहे. अर्ज वाचला की कळतं, की नियम त्याला माहीत होते. प्रवेशाचं वय साधारण नऊ ते चौदा, आणि हा अठरा पुरा होऊन एकोणिसाकडे निघालेला. पण असाधारण गुणवत्ता असली तर वयाची अट शिथिल करता येते, असं एक कलम होतं. त्यावर त्याची सगळी भिस्त. अठरा वर्षांच्या मुलानं आपल्या असाधारणपणाचा अर्ज स्वतः करायचा. काय लिहीत असेल माणूस अशा वेळी?

परीक्षा झाली. त्यानं पियानोवर एक चमकदार रचना वाजवली. हर्झ नावाचा त्या काळचा लोकप्रिय संगीतकार होता, त्याची. स्वतः केलेल्या रचनाही दाखवल्या. परीक्षक होते पियानोचे प्राध्यापक आंजेलेरी आणि संस्थेचे प्रमुख बाझिली. आंजेलेरींचं मत असं पडलं, की या मुलाच्या हाताची ठेवण चुकीची आहे, ती बदलावी लागेल आणि या वयात ते कठीण आहे. ‘हात दाखवून अवलक्षण’ असं आपल्याकडे म्हणतात. इथं ते अक्षरशः घडलं. रचनांबद्दल मात्र बाझिलींनी बरं लिहिलं. मनापासून आणि धीरानं काउंटरपॉइंटचे नियम शिकला, तर मुळात जी कल्पनाशक्ती याच्याकडे आहे ती याला काबूत ठेवता येईल, असा त्याचा आशय. काउंटरपॉइंट म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन किंवा अधिक स्वरावली एकमेकींशी कशा जुळवायच्या, त्याचं शास्त्र.

शेवटी निकाल नकाराचा लागला. वय जास्त, परकीय, हात वाईट, आणि वर वसतिगृहात जागा अपुरी. एवढी कारणं एकत्र आली, की कोणतं खरं ते शोधण्यात अर्थ उरत नाही.

व्हेर्दीच्या चरित्रात हा प्रसंग आला, की लोक त्या परीक्षकांना हसतात. मला ते पटत नाही. अहवाल वाचणाऱ्याला दिसतं, की त्या माणसांनी पुष्कळसं खरं लिहिलं होतं. पियानोवादक म्हणून व्हेर्दी कधीच मोठा झाला नाही, आणि प्रवेशाचा प्रश्न पियानोच्या विद्यार्थ्याचा होता. गावात एका चर्चच्या ऑर्गनवर वाढलेला हात. तो लहानपणी कुणी सरळ केला नाही, तर पुढे होत नाही. हे आपल्याकडचा कुठलाही तबलजी सांगेल. कल्पनाशक्ती आहे, हेही त्यांना ऐकू आलं होतं आणि त्यांनी ते कागदावर उतरवलं होतं. त्यांची चूक ऐकण्यात नव्हती. त्या संस्थेत या माणसाला बसवायला खणच नव्हता. मोठेपणी रचना शिकायला आलेला, पियानो बरा वाजवणारा, दुसऱ्या संस्थानचा मुलगा हा अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

परीक्षक मंडळावर आलेस्सांद्रो रोल्ला नावाचे वयोवृद्ध व्हायोलिनवादक होते. त्यांनी व्हेर्दीला बाजूला घेऊन सांगितलं, की कॉन्झर्वेटरीचा नाद सोड आणि गावात एखादा चांगला शिक्षक गाठ. आणि दोन नावंही दिली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांतले विन्चेन्झो लाविन्या व्हेर्दीनं धरले. हे ला स्काला या मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहात काम केलेले गृहस्थ, शिकलेले नेपल्सचे, म्हणजे त्या जुन्या अनाथाश्रमांच्या परंपरेतले. ते रोज काउंटरपॉइंट घालायचे. कॅनन आणि फ्यूग, फ्यूग आणि कॅनन. खर्च बारेत्सींचा, पुढे गावच्या धर्मादाय संस्थेची वर्षाला ३०० लिरांची शिष्यवृत्ती मिळू लागली, तिनं थोडा हातभार लागला.

आणि एक दिवस बाझिली लाविन्यांच्या घरी आले. ही गोष्ट व्हेर्दीनंच म्हातारपणी सांगितलेली आहे, तेव्हा तिला थोडी कल्हई झाली असण्याची शक्यता गृहीत धरा. मोंझा इथल्या चर्चमधल्या संगीतप्रमुखाच्या जागेसाठी परीक्षा झाली होती आणि दोन डझनांवर उमेदवारांपैकी एकालाही दिलेल्या स्वरावलीवर फ्यूग नीट बांधता आलेली नव्हती. बाझिली त्याबद्दल कुरकुर करत होते. लाविन्या म्हणाले, कोपऱ्यात बसलेल्या या पोराला देऊन बघा. दोघं म्हातारे बोलत बसले, पोरानं लिहून आणलं. बाझिलींनी वाचलं आणि चकित झाले. फ्यूग तर होतीच, शिवाय वर दुहेरी कॅननही घातलेली होती. ती कशाला, असं विचारल्यावर पोरगा म्हणाला, की तुमची स्वरावली जरा किरकोळ वाटली, म्हणून सजवली. नापास विद्यार्थ्यानं परीक्षकाला असं उत्तर देण्याचा योग फार थोड्यांना येतो.

‘नाबुक्को’ हा ऑपेरा १८४२ साली ला स्कालात गाजला, त्यानंतर व्हेर्दीला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज राहिली नाही. पण जखम गेली नव्हती. तो मूळ अर्ज त्यानं जन्मभर जपून ठेवला आणि त्याच्या पाकिटावर, नामंजूर झाला, अशा अर्थाचा शेरा आपल्या हातानं लिहिला. नेपल्सच्या कॉन्झर्वेटरीनं १८७१च्या सुमाराला त्याला संचालकपद देऊ केलं. त्यानं नम्रपणे नाकारलं. त्याच वर्षी इटालियन सरकारनं देशातल्या कॉन्झर्वेटऱ्या सुधारण्यासाठी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद मात्र स्वीकारलं. तिथं त्यानं काय सुचवलं असेल? आपल्यासारख्यांसाठी दारं सताड उघडा, असं? नाही. जुन्यांचा अभ्यास, रोजचं काउंटरपॉइंट, रोजची फ्यूग. लाविन्यांनी जे त्याच्याकडून घोटून घेतलं, तेच.

आयुष्याच्या अखेरीला मिलानच्या कॉन्झर्वेटरीला त्याचं नाव द्यायची टूम निघाली. व्हेर्दीनं विरोध केला. तरुणपणी मी नको होतो तर म्हातारपणीही नको, अशा अर्थाचं काही तो बोलल्याचं सांगतात. जानेवारी १९०१मध्ये तो वारला आणि मग नाव देण्यात आलं. आज मिलानला जाल, तर ज्युझेप्पे व्हेर्दी कॉन्झर्वेटरीत प्रवेशासाठी मुलं परीक्षेला बसलेली दिसतील.

दरम्यान, पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट चालू होती. तिथले प्राध्यापक खाजगी शिकवण्या करत आणि प्रवेशाच्या वेळी तेच परीक्षक. आपल्या शिकवणीतल्या मुलाकडे त्यांचा कान जरा जास्त उघडा राहायचा. आपल्याकडे याला शब्द आहे. फ्रेंचांना तो उसना द्यायला हरकत नाही. १९०५ साली मोरिस राव्हेलला एका नामांकित सरकारी पारितोषिकाच्या पहिल्याच फेरीत गाळलं गेलं आणि अंतिम फेरीतले सगळे उमेदवार एकाच प्राध्यापकाचे शिष्य निघाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी रान उठवलं. त्यात संचालक बदलले आणि गाब्रिएल फोरे आले. स्वभावानं मृदू, पण त्यांनी आल्या आल्या प्रवेशाला आणि परीक्षांना बाहेरचे परीक्षक नेमले. शिकवण्यांचं उत्पन्न बुडालं म्हणून काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. फोरेंना लोक ‘रोबस्पियर’ म्हणू लागले.

याच सुमाराला, ५ मे १९०१ रोजी, विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर आपल्याकडे गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं. तिथली ऑडिशन दहा मिनिटांची नसे. कधी ती दोन वर्षं चाले. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिलेल्या भीमसेन जोशींनी पाण्याच्या घागरी वाहिल्या, हे सर्वांना माहीत आहे. घागरी वाहणारा टिकला तर तंबोरा मिळे. पलुसकरांनी शाळा काढली, वर्ग केले, अभ्यासक्रम छापला. पण त्यांच्या उपदेशक वर्गात, जिथं पुढचे शिक्षक घडवायचे होते, मुलाकडून नऊ वर्षं राहण्याचा करार घेतला जाई. जेवण आणि शिक्षण फुकट, बदल्यात नऊ वर्षं. जुन्या गुरुगृहाचं मन आणि नव्या शाळेचा कागद यांची ती गाठ होती. भातखंडे यांच्या प्रयत्नानं लखनौला १९२६ साली मॅरिस कॉलेज निघालं, आणि त्याचं प्राचार्यपद मुंबईच्या श्रीकृष्ण रातंजनकरांकडे पुढे कैक वर्षं राहिलं.

याच रातंजनकरांकडे १९५०च्या दशकात आकाशवाणीच्या ऑडिशनची जबाबदारी आली. तेव्हाचे नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर. गाणारा एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत, मध्ये फक्त ध्वनिवर्धक. कोण गातो आहे, कुठल्या घराण्याचा, कुणाचा मुलगा, हे ऐकणाऱ्याला कळू नये अशी ती योजना. कागदावर याहून न्याय्य काय असेल? पण आयुष्यभर मैफली गाजवलेल्या उस्तादांना, आपण निनावी होऊन परीक्षा द्यायची आणि तीही पुस्तकी मंडळींपुढे, हा अपमान वाटला. अनेकांनी बसायलाच नकार दिला. मला त्यांची बाजू पुरती चुकीची वाटत नाही. नाव झाकल्यानं वशिला झाकला जातो, तसं माणसाचं आयुष्यही झाकलं जातं.

अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी पुढे हाच पडदा आपलासा केला. १९७०–८०च्या दशकांत बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांत निवड पडद्याआड होऊ लागली. वाजवणारी बाई आहे हे टाचांच्या आवाजावरून कळू नये म्हणून खाली गालिचे घालत. त्यानंतर या वाद्यवृंदांत बायकांची संख्या बरीच वाढली. त्यात पडद्याचा वाटा किती, यावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केले आणि वादही घातले. महाविद्यालयांच्या प्रवेशाला मात्र सहसा पडदा नसतो. ज्याला चार वर्षं शिकवायचं त्याला बघायला नको का, असं शिक्षक म्हणतात. आजकाल आधी ध्वनिचित्रफीत मागवतात, तीत टिकलेल्यांना प्रत्यक्ष बोलावतात. पियानोच्या मुलानं बाखचं काही, एखादा अभिजात सोनाटा, शोपँची एखादी कठीण अभ्यासरचना, असं तयार करून जायचं. मध्येच थांबवलं तर घाबरायचं नाही, हेही शिकवून पाठवतात.

अशाच एका खोलीत ७ एप्रिल १९५१ रोजी अठरा वर्षांची एक मुलगी गेली. गाव फिलाडेल्फिया, संस्था कर्टिस इन्स्टिट्यूट. १९२४ साली निघालेली, थोडे विद्यार्थी घेणारी, आणि १९२८पासून कुणाकडूनही शिकवण्याची फी न घेणारी. मुलीचं नाव युनिस वेमन. नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायॉन या लहान गावची, कृष्णवर्णीय, आई मेथडिस्ट पंथाची धर्मोपदेशक. गावातल्या एका गोऱ्या बाईंनी तिला बाख शिकवला आणि तिच्या शिक्षणासाठी गावात फंड काढला. त्यात गोऱ्यांनीही पैसे घातले, काळ्यांनीही. अकरा-बारा वर्षांची असताना गावच्या ग्रंथालयात तिचं वादन ठेवलं. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या आईबापांना गोऱ्या पाहुण्यांसाठी मागे जायला सांगितलं. पोरीनं उभं राहून सांगितलं, की ते पुढे बसले तरच मी वाजवीन. ते पुढे बसले. हा प्रसंग तिनंच आत्मचरित्रात सांगितला आहे.

शाळा झाल्यावर फंडाच्या पैशांतून ती एका उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डला कार्ल फ्रीडबर्ग यांच्याकडे शिकली. हे फ्रीडबर्ग स्वतः क्लारा शूमानचे शिष्य. सगळी तयारी कर्टिससाठी होती. मुलीला प्रवेश मिळणार या भरवशावर घरची मंडळी फिलाडेल्फियाला राहायला आली. त्या वर्षी पियानोला ७२ उमेदवार होते. घेतले तीन. तिला घेतलं नाही.

का घेतलं नाही? आपण काळे आहोत म्हणून, असं तिनं जन्मभर मानलं. ज्या व्लादिमिर सोकोलॉफ यांच्याकडे ती नंतर खाजगीत शिकली, ते कर्टिसचेच प्राध्यापक. त्यांनी पुढे सांगितलं, की रंगाचा संबंध नव्हता, तिच्याहून सरस मुलं होती. कर्टिसनं त्याआधी कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले होते, हेही खरं. जॉर्ज वॉकर १९४५ साली तिथून पियानो आणि रचना दोन्हींत पदविका घेऊन बाहेर पडला होता. पण त्या वॉकरचं पुढे काय झालं? प्रवेश मिळाला, शिक्षण उत्तम झालं, न्यूयॉर्कमध्ये पदार्पण झालं. आणि मग काळ्या पियानोवादकाला कार्यक्रम कोण देणार, या भिंतीशी तो थबकला. रचनाकार म्हणून त्याला पुलित्झर मिळालं ते १९९६मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. म्हणून युनिसचा संशय खोटा होता असं मला म्हणवत नाही. खोलीत काय झालं हे त्या खोलीतले परीक्षक जाणोत. पण ग्रंथालयात आईबापांना मागच्या रांगेत बसवलेलं जिनं पाहिलं आहे, तिनं नकाराचं पत्र कुठल्या डोळ्यांनी वाचावं?

शिकवण्या, साथसंगत असं करत ती धडे घेत राहिली, पुन्हा प्रयत्न करायचा म्हणून. पैसे पुरेनात. १९५४च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये तिनं पियानो वाजवायचं काम धरलं, आठवड्याला ९० डॉलर. मालकानं सांगितलं, गावंही लागेल, नाहीतर दुसरी नोकरी बघ. ती त्याआधी लोकांपुढे गाणारी नव्हती. धर्मोपदेशक आईला मुलगी बारमध्ये वाजवते हे कळू नये म्हणून तिनं नाव बदललं. नीना सिमोन. जगानं ओळखलं ते याच नावानं. तिच्या जाझमध्ये मधूनच बाखची फ्यूग उगवते, ती कुठून येते हे आता सांगायला नको.

व्हेर्दी आणि नीना सिमोन यांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो, कारण शेवट आपल्याला माहीत असतो. मला मात्र त्या यादीतली बाकीची माणसं छळतात. ७२मधून तीन गेले, युनिस गेली, उरले अडुसष्ट. त्यांच्यापैकी कुणाच्या हाताची ठेवण चुकीची असेल, कुणाला त्या सकाळी ताप असेल, कुणी खरोखरच बेताचं असेल. कुणाला रोल्लांसारखं बाजूला घेऊन दोन नावं सांगणारं भेटलं असेल का? बारेत्सी कितीजणांना मिळतो?

लिस्टला राइखा मिळाले, व्हेर्दीला लाविन्या, युनिसला सोकोलॉफ. तिघांनाही दार बंद झाल्यावर त्याच वर्तुळातला कुणीतरी घरी शिकवायला तयार झाला, आणि त्याचे पैसे कुणीतरी भरले. लिस्टचे बापानं आणि स्वतःच्या जलशांनी, व्हेर्दीचे एका व्यापाऱ्यानं. युनिसला स्वतः भरावे लागले आणि ते भरताना तिची वाटच बदलली. ती अभिजात संगीताच्या मंचावर जाण्यासाठी घडवलेली मुलगी होती. जगाला नीना सिमोन मिळाली यात जगाचा फायदा झाला, असं म्हणणं सोपं आहे. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिच्या मुलाखती ऐकणाऱ्याला कळतं.

कर्टिस इन्स्टिट्यूटनं तिला सन्माननीय पदवी दिली, एप्रिल २००३मध्ये. ती तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये आजारी होती. पदवी मिळाल्यावर दोन दिवसांनी, २१ एप्रिलला, ती गेली.